निळी झाक

प्रिंट निळी होती.

मास्तरांनी ती खिडकीपाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. निळीच. सगळ्या करड्या छटांवर पातळ निळाई पसरली होती. ज्या गडद काळ्यासाठी लांबलांबून छायाचित्रकार त्यांच्याकडे छापायला येत, तो काळासुद्धा दौतीतल्या निळ्या शाईसारखा दिसत होता.

"प्रिंटर बिघडला वाटतं," ते पुटपुटले आणि त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथली जुनी प्रिंट निळी. तिच्या शेजारचीही निळी.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नुकती कुठे दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली होती. घरात शिरताच त्यांनी बायकोला विचारलं होतं, "भिंतींना रंग कधी दिलास गं?"

"भिंती पांढऱ्याच होत्या. तुम्हालाच त्या सायीच्या रंगाच्या दिसायच्या."

तेव्हा दोघंही हसले होते. आता हसू येईना.

काही दिवस निळं जरा जास्त दिसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. बुडत्यानं काडी धरावी तसं मास्तरांनी ते वाक्य धरलं. मग खण उपसून त्यांनी जुनं करडं कार्ड काढलं. कुठल्याच रंगाची झाक नसलेलं, प्रिंटशेजारी धरून करडा पारखायचं कार्ड. पिवळं पडलं म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनीच ते बाद केलं होतं. 'यंत्र नको, कार्ड नको, माणसाला डोळा हवा,' असं तेव्हापासून ते सगळ्यांना ऐकवत आले होते.

कार्ड राखेसारखं स्वच्छ करडं होतं. त्याच्याशेजारी प्रिंट निळी.

पिवळं कार्ड पडलंच नव्हतं; मोतीबिंदूनं पिवळे पडले होते ते त्यांचे डोळे. आणि तो पिवळेपणा मारायला मास्तर दर प्रिंटला चिमूटभर निळं वाढवत गेले होते. लोकांना ती त्यांची ढब वाटली. कुणी कुणी तर कौतुकानं तिला 'थंड काळा' म्हणायचं.

एकटी एक बाई बोलली होती.

ती त्यांच्या फोटो छपाईच्या वर्गाला यायची. नोकरी सांभाळून फोटो काढायची. एकदा तिनं वडिलांचं चित्र छापून आणलं. कोळशाच्या वखारीत बसलेले वडील. कोळशाचा काळा, स्वेटरचा काळा आणि मागच्या दारातला अंधार, तिन्ही वेगवेगळे. असं छापणं सोपं नसतं, हे मास्तरांना कळत होतं. पण ते म्हणाले, "पिवळट आहे."

"सर, मला तर करडीच दिसतेय."

"मग तुला डोळेच नाहीत. दुसरा काहीतरी छंद बघ."

वर्ग खदखदून हसला होता. मास्तरही हसले होते. ती बाई प्रिंट छातीशी धरून निघून गेली, ती पुन्हा आली नाही.

मास्तरांनी कार्ड खाली ठेवलं. त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात? धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलंय ना?" बायकोनं हटकलं.

"माफी मागायला."

"मग गॉगल लावून जा."

"माफी काय गॉगल लावून मागतात?" म्हणत त्यांनी तो खिशात कोंबला.

वर्गाच्या जुन्या वहीत त्या बाईचा पत्ता होता. दार तिनंच उघडलं. तोंडावर दार आपटेल अशा तयारीनं मास्तर उभे होते. तिचा चेहरा मात्र उजळला. "सर! तुम्ही? या ना आत."

जेवणाच्या टेबलावर प्रिंटर होता. खुर्च्यांवर, पलंगावर, कपाटाला टेकवून प्रिंटच प्रिंट होत्या. मास्तर दारातच थबकले. सगळ्याच्या सगळ्या निळ्या.

"त्या दिवशी खूप रडले, सर," ती उत्साहानं सांगू लागली. "मग प्रदर्शनातून तुमची एक प्रिंट विकत आणली. तिच्याशी जुळेपर्यंत छापत राहिले. सुरुवातीला ती मला निळसर वाटायची, बघा! हळूहळू डोळा तयार झाला. आता तर मीही वर्ग घेते. मुलींना सांगते, मला मास्तरांनी डोळे दिले."

मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यांची नजर खोलीभर फिरली. "वडिलांची ती प्रिंट?"

"फाडली." तिनं हसून हात झटकला. "दाखवण्यासारखी नव्हतीच ना."

नुसतं 'छान' म्हणून चहा पिऊन निघता आलं असतं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद तसाच राहिला असता, त्यांची अब्रूही. मास्तर खुर्चीवरच्या प्रिंट बाजूला करून बसले. मोतीबिंदू, भिंती, कार्ड, सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुझं चित्र बरोबर होतं. चूक माझी होती. वर्गासमोर तुला बोललो, आता वर्गासमोरच हे सांगेन."

ती एक प्रिंट उचलून खिडकीत गेली. तिनं प्रिंट कलती केली, डोळे चोळले, पुन्हा पाहिली. मास्तर बोलणी खायची वाट बघत मान खाली घालून बसले.

ती वळली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवली.

"उठा, सर. काल माझ्या वर्गातल्या एका मुलीला मी सगळ्यांसमोर रडवून घरी पाठवलंय."