तिसऱ्या मजल्यावरची पाहणी

“कापूस पाहायले बी अशीच समिती आली होती,” अब्दुल रहीम जिन्यापाशी म्हणाला. “पाहून गेली.”

“अब्बा, ही कॉलेजची आहे. अपंगांच्या सोयी तपासायले आली.” अलीझानं कुबड्या काखेत घेतल्या.

त्या सालात वऱ्हाडात पावसापेक्षा समित्या जास्त पडल्या. बापलेक मूर्तिजापूरहून सकाळच्या गाडीनं अकोल्याला आले, तर समिती बसलेली तिसऱ्या मजल्यावर. कूलर तिथंच होता. वेळ अकराची. उशिरा येणाऱ्याचं ऐकणार नाहीत, असं क्लार्क केशवरावांनी दोनदा बजावलं होतं.

अलीझाचं मागणं एवढंच होतं, परीक्षेला खालची खोली द्या. तिचा नंबर दरवर्षी वरच लागायचा. मागच्या साली ती अर्धा तास उशिरा पोचली, बोटांत पेन धरवेना, इंग्रजीचा पेपर गेला. यंदा गेला तर बी.एड.चं नाव सोडायचं. तिनं दोन अर्ज दिले. दोन्ही वेळा उत्तर एकच, समिती येईल.

“पाठीवर बस.”

“नाही अब्बा. कॉलेजात मी पाठीवर बसून जाणार नाही.”

“मंग काय, विमान बोलावू?”

ती हसली नाही. दहाला ती पहिली पायरी चढली. पहिल्या मजल्यावर एकदा बसली, दुसऱ्यावर तीनदा. बाप मागं हात पसरून चढत होता, पण तिनं त्याला शिवू दिलं नाही. अकराला पाच कमी असताना ती दारात उभी राहिली. तळहात सोलले होते.

अध्यक्ष खुर्चीतून उठले. “ये बेटा, बस. कोणी उचलून आणलं?”

“कोणी नाही सर. मीच चढले.”

“एकटी?”

“एकटी.”

साहेबांनी टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली. मग त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. “केशवराव, लिहा. एक शब्द सुटता कामा नये.”

उतरताना अब्दुल रहीम पहिल्यांदाच खुशीत होता. “मानूस बरा दिसला, बेटा. लिहून तरी घेतलं त्यानं.”

परीक्षेच्या आठ दिवस आधी पत्र आलं. अलीझानं बापाला वाचून दाखवलं.

“सदर विद्यार्थिनी कोणाच्याही मदतीशिवाय, वेळेच्या पाच मिनिटे आधी तिसऱ्या मजल्यावर पोचल्याचे समितीने समक्ष पाहिले आहे. सबब खालच्या खोलीची आवश्यकता नाही.”