गेड्सचं फूल

"आणि नाव कुणाचं देणार?" अ‍ॅलिस्टर गेड्सनं विचारलं. उत्तर यायच्या आधीच त्याची मान ताठ झाली होती.

"तुमचं," वनस्पतींच्या अभ्यासक डॉ. टाउरोआ म्हणाल्या. "तुमच्याच जमिनीवर सापडलंय. जगात दुसरीकडे कुठेच नाही. लॅटिनमध्ये आधी वंशाचं नाव, मग तुमचं. कायमचं."

गेड्सनं भिंगातून पाहिलं. नखाएवढं पिवळट फूल, करड्या लोकरीत गुंडाळल्यासारखं.

"माझ्या बापाचं नाव कुणी मोरीलासुद्धा दिलं नाही," तो म्हणाला आणि स्कोन्सची बशी त्यांच्याकडे सरकवली.

"जागा मात्र कुणाला सांगू नका," बाईंनी बजावलं.

त्याच आठवड्यात स्कीवाल्या कंपनीचा माणूस सहीसाठी आला. फूल सापडलेल्या उतारावरून त्यांना तारेवरचे पाळणे न्यायचे होते. बोलणी झाली होती, सहीच उरली होती. गेड्सनं त्याला दारातच अडवलं.

"माझ्या अंगावरून पाळणा नेणार?"

"तुमच्या नाही हो, डोंगरावरून."

"तेच ते."

माणूस गेला. गेड्सनं मेंढ्या खाली आणल्या, उताराला कुंपण घातलं आणि शनिवारी केस विंचरून पबमध्ये गेला.

कोपऱ्यात शेजारचा डगल मर्डोक बसला होता. दोघांचं वैर एका मेंढ्यावरून सुरू झालेलं. मेंढा कधीच मेला, वैर धडधाकट होतं.

"पोटात दुखतंय का रे, मर्डोक? अख्ख्या साउथ आयलंडात एकट्या माझ्याच नावाचं फूल आहे."

"दुखणारच. निवडुंगाचं नाव फुलाला दिल्यावर." मर्डोकनं ग्लासात पाहिलं. "पण जप त्याला. त्या काळ्या कड्याखाली वारा वाईट."

"मला शिकवू नकोस. तुझ्या मेंढ्या आवर. सारख्या माझ्या उतारावर."

"त्यांना आणायला चढतो मीच," मर्डोक गुडघा चोळत म्हणाला.

गेड्स घरी शीळ घालत गेला. मर्डोकचं तोंड एवढंसं झालेलं त्यानं आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं.

परत निघताना डॉ. टाउरोआंनी मर्डोकच्या फाटकाशी गाडी थांबवली.

"नाव अजून छापायला दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "शोधणाऱ्याचं नाव द्यायची आमची रीत आहे. फूल तुम्हाला सापडलं, मलाही तुम्हीच बोलावलंत."

मर्डोकनं वर पाहिलं. गेड्सचं नवं कुंपण उन्हात चमकत होतं. त्यानं टोपी सारखी केली. छाती जराशी फुगली होती.

"माझं नाव दिलं असतं ना बाई, तर त्यानं त्याच दिवशी सही केली असती."