अर्धी जागा

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांना कानठळ्या बसवणारे आवाज ऐकवतात आणि मग त्यांच्या मेंदूतल्या पेशी तपासतात. मधे मी पिंजऱ्यामागे उभी राहून टाळ्या वाजवते. कान हलला नाही, तर उंदीर बहिरा. एवढ्या टाळ्या कुठल्या पुढाऱ्यालाही मिळत नसतील.

आज एकाचाही कान हलला नाही. कंटाळून मी हात खाली घेतले, तर सगळ्यांनी एकदम दाराकडे कान टवकारले. दारात कुणीच नव्हतं. मग ते दाटीवाटीने एका कडेला सरकले आणि अर्धा पिंजरा मोकळा ठेवून बसले.

"दमलीयेस तू. घरी जा," मॅडम म्हणाल्या.

घरी बाबा पलंगावर पाय पसरून बसले होते. कारखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान कधीच गेलेत, मी त्यांच्याशी खुणांनीच बोलते. मी चपला काढतेय तोच त्यांनी मान वर केली.

"अगं, दार उघड की. केव्हाचे हाका मारतायत."

मी दार उघडलं. जिना रिकामा होता.

"या, बसा," बाबा माझ्या मागे बघत म्हणाले आणि पाय आवरून भिंतीकडे सरकले.

त्यांच्या शेजारची गादी हळूहळू दबत गेली.