न उघडलेलं कीर्तन

पडद्यावर गिरधर आप्पा चपला काढत होते.

नियंत्रण कक्षातल्या कॅमेऱ्यानं आठवड्यापूर्वी टिपलेलं ते चित्र होतं, आवाज नव्हता. आप्पांनी चपला दाराशी जोडून ठेवल्या. मोबाइल तांब्याला टेकवून स्टुलावर उभा केला, टोपी सारखी केली आणि खुर्ची सोडून फरशीवर मांडी घातली, मंडपात घालतात तशी. मोबाइलवर नुसतं एक चक्र फिरत होतं. त्या चक्रापुढं आप्पा हात जोडून बसले होते.

पंपघराच्या वरच्या खोलीत जमलेले सगळे ऑपरेटर हसले.

"आप्पा, आरती राही गयी," भाग्येश म्हणाला, तेव्हा आणखी हसू फुटलं. आप्पा स्वतः भिंतीकडच्या खुर्चीत बसले होते. सगळे हसतायत म्हणून तेही थोडं हसले.

संध्या लॅपटॉपशी उभी होती. तापीतून उचललेलं पाणी गावोगाव पोचवणारी ही योजना अलीकडे संगणकावर चालत होती. बाहेरच्या कुणी चोरपावलांनी त्या संगणकात शिरून पंप बंद पाडू नयेत, टाकीत औषध जास्त सोडू नये, ह्याची घडी बसवायला कंपनीनं तिला पाठवलं होतं. ओळखा, राखा, हेरा, आवरा, सावरा. ही सुरक्षेच्या नियमांची पाच शब्दांची चौकट तिनंच खाली नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावली होती. आपली माणसं कितपत सावध आहेत ते बघायला तिनं सगळ्या ऑपरेटरांच्या मोबाइलवर एक खोटी लिंक सोडली. आमिष असं हवं की माणसाचा हात आपोआप पुढं जावा, असं तिला शिकवलेलं. तिला ते शोधत बसावं लागलं नाही. डब्यातली कळण्याची भाकर तिच्यापुढं सरकवताना आप्पाच बोलून गेले होते, "गावमा सप्ता शे, बेटा. मोठा बुवा ई ऱ्हायनात. आनि मन्ही नेमकी ड्यूटी."

तिनं बुवांचा फोटो घेतला. खाली लिहिलं, ‘आजचं कीर्तन थेट पाहण्यासाठी इथे दाबा.’

"पुढं बघा," योजनेचे साहेब म्हणाले.

पडद्यावर पॅनलचा दिवा लाल झाला. आप्पा उठले, अनवाणीच पॅनलशी गेले, पाण्याचा दाब बघितला, एक बटण फिरवलं. दिवा हिरवा होईस्तोवर तिथून हलले नाहीत. मग परत येऊन पहिल्यासारखेच हात जोडून बसले. संध्यानं हे आधीच पाहिलेलं होतं. त्याबद्दल ती काही बोलली नाही.

"लिंक उघडली ती उघडली, वर साऱ्या ग्रुपला पाठवली," साहेब म्हणाले. "का हो आप्पा?"

आप्पा उभे राहिले. "कीर्तन एकलानी ऐकानं नही, साहेब. बाकीना बी ड्यूटीवर व्हतात."

"म्हणजे प्रसाद वाटलात."

पुन्हा हशा. मग साहेब संध्याशी इंग्रजीत बोलायला लागले. टेस्ट, रिस्क, पॉलिसी. आप्पा प्रत्येक शब्दाला मान हलवत राहिले. कामावर असताना कीर्तनाला बसलो, हाच आपला गुन्हा, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

"मॅडम, शेवटचं तुम्ही सांगा," साहेब पुन्हा मराठीवर आले. "ह्यांना पॅनलवर ठेवायचं, की पाइपलाइनवर फिरायला पाठवायचं?"

आप्पा जिना एकेक पायरी बसत-उठत उतरतात, हे संध्यानं पाहिलं होतं. लाल दिव्याचं सांगता आलं असतं. भाकर पुढं करताना आप्पांनी काय सांगितलं होतं, तेही सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते, आणि चौकट कडक लावली तर योजनेला मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर तिचं नाव येणार होतं.

"नियम आहे, सर," ती म्हणाली.

ह्या वेळी कुणी हसलं नाही. भाग्येशनं मान खाली घातली.

आप्पांनी गळ्यातलं कार्ड काढलं. ते लावल्याशिवाय पॅनल उघडत नसे. त्याची नाडी नीट गुंडाळून त्यांनी ते दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. तिनं घेतलं. अंगाच्या उबेनं ते अजून गरम होतं.

साहेब चहाला उठले, त्यांच्यामागं बाकीचे. आप्पा मात्र टेबलाशीच घुटमळत राहिले. खोली रिकामी झाली तसे ते दबक्या आवाजात म्हणाले, "बेटा, एक ईचारू? राग नको मानू. ते कीर्तन काही उघडनंच नही. कितला येळ बठनू मी."

संध्याला त्यांच्याकडे बघवेना. कार्डावरच्या त्यांच्या फोटोकडेही बघवेना.

"ते कीर्तन नव्हतंच, आप्पा," ती म्हणाली. "खोटं होतं. मीच पाठवलं होतं. तुम्ही फसता का, ते बघायला."

आता ते जे बोलतील ते मुकाट ऐकून घ्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. शिवी दिली तरी.

आप्पांच्या कपाळावरची आठी सुटत गेली, आणि डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा त्यांनी श्वास सोडला.

"खोटं व्हतं का ते?" ते म्हणाले. "मंग बरं व्हयनं, बेटा. इतला दिन माले वाटे, मन्हंच पुन्य कमी पडनं."