आईच्या आवाजाची डबी

फोनोग्राफची डबी अखेर जागेवर बसली, तेव्हा अर्जुनराव देशमुखांनी हात धोतराला पुसले.

"आता कुणी हात लावू नका," ते म्हणाले.

हात लावायला होतं कोण? बायको ताराबाई चार हात लांब, अन् म्हातारा गडी मुंजाजी उंबऱ्याबाहेर, पागोटं काखेत मारून उभा.

"मालक," मुंजाजी पुन्हा म्हणाला, "माझी कडू सकाळपासून तुमची वाट बघतीय. आता लई येळ न्हाई तिच्याकडं. एकदा येऊन जा."

"येतो म्हणलं ना बे!"

अर्जुनरावांचं हे वेड सगळ्या घाटनांदूरला ठाऊक होतं. ते तान्हे असतानाच आई केशरबाई गेली. तिची तसबीर नाही, काही नाही. वडील सुंदरराव मोठे हौशी. तबकड्यांचे बाजे इकडं कुणी पाहिलेही नव्हते, तेव्हा त्यांनी हैदराबादेहून हा फोनोग्राफ आणला होता. कर्ण्यात बोललं की आवाज मेणाच्या नळीवर उतरायचा. मरताना त्यांनी मुलाच्या हातात एकच नळी ठेवली.

"ह्यात तुझ्या आईचा आवाज हाय. जप."

नळी जपली, पण वाजवायची कशावर? नळीवर टेकून आवाज काढणारी जी छोटी गोल डबी असते, तिचीच काच तडकलेली अन् टोक झिजून गेलेलं. बाजारात आता जिकडंतिकडं तबकडीच्या डब्या. तसली डबी मेणावर ठेवली तर नांगरच फिरायचा. एक भाग चुकीचा बसला की आई कायमची गेली! म्हणून अर्जुनरावांना हवी होती ती त्याच बनावटीची डबी, दुसरी कुठलीच नाही.

हैदराबादला पाठवायचा तर माणूस भरवशाचा हवा. मुंजाजीपेक्षा भरवशाचा कोण? त्याच्या बायकोनं, कडूबाईनं, अर्जुनरावांना अंगावर पाजून वाढवलेलं. म्हातारी अजूनही ते शेतातून आले की आधी त्यांच्या पायांकडं बघायची, काटा तर नाही ना मोडला म्हणून.

तेव्हा मोडकी डबी नमुना म्हणून उपरण्यात बांधून मुंजाजी आगगाडीनं गेला. आला तो तबकडीची डबी घेऊन. पुन्हा पाठवला, तर ह्यावेळी आणली ती चाळणीएवढी. त्यानंतर तर कहरच केला. नव्या मेणावर आवाज कोरायची असते ती डबी घेऊन आला! ती बसवली असती तर आईचा आवाज साफ खरवडून निघाला असता.

"दुकानदारानं हीच दिली, मालक," मुंजाजी मान खाली घालून म्हणायचा.

गाव हसलं. शंभर गुरांतून आपलं वासरू ओळखणाऱ्या माणसाला एक डबी ओळखता येईना!

शेवटी अर्जुनराव स्वतः गेले. जुन्या सामानाच्या दुकानात नमुना पुढं ठेवला. दुकानदारानं फळीवरनं हात फिरवला अन् हुबेहूब जोड काढून दिली.

"ये तो कब की पड़ी है," तो म्हणाला. "तुमारा वो बुड्ढा कित्ती बार आया, नमुना कब्बी नै दिखाया. बोलता, कोई बी दे दो."

घाटनांदूर येईपर्यंत अर्जुनरावांच्या डोक्यात नुसती आग होती. आज मुंजाजी दारात दिसला तेव्हा त्यांनी आधी तेच विचारलं होतं, "कावून केलंस असं?"

मुंजाजीनं पागोटं काढून काखेत मारलं.

"बोल की! मीठ खाल्लंस ह्या घरचं! माझ्या आईचा आवाज हाय त्यात, ठाऊक होतं ना तुला?"

"ठाऊक व्हतं. चुकलं, मालक."

चुकलं म्हणे! अर्जुनरावांचा जीव नुसता जळत होता.

"अहो, आधी जाऊन या," ताराबाई आता काकुळतीनं म्हणाल्या. "म्हातारी घटकाभराची सोबतीण हाय. मशीन काय पळून चाललंय?"

"जन्मभर थांबलोय मी. तिनं घटकाभर थांबावं."

आजवर मालकाच्या बैठकीत पाऊल न टाकलेला मुंजाजी सरळ आत आला अन् त्यानं अर्जुनरावांचे पाय धरले. "पाया पडतो. आदी तिच्याकडं चला, मंग ऐका. ती नुसती तुमचं नाव घेतीय."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी पायावर पडलं. अर्जुनराव क्षणभर घुटमळले. मग त्यांना तो दुकानदार आठवला. पाय सोडवून घेत त्यांनी चावी भरली.

नळी फिरू लागली. त्यांनी श्वास रोखून डबी हळूच मेणावर टेकवली.

तेवढ्यात गोठ्यामागच्या झोपडीतून बायकांचा हंबरडा आला. मुंजाजी धडपडत उठला अन् अनवाणीच पळत सुटला. पागोटं तिथंच पडलं.

"गेली वो!" ताराबाईंनी पदर तोंडाला लावला. "अहो, कडूबाई गेली!"

"चूप!" अर्जुनरावांनी हात वर केला.

कर्ण्यातून खरखर आली. मग सुंदररावांचा आवाज, तरणाबांड. "बोल. रडू नकोस. पोरगं मोठं झालं की ऐकंल कधीतरी. नवऱ्याचं नाव घे."

अर्जुनरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी कर्ण्यापुढं हात जोडले.

थोडा वेळ नुसताच हुंदका ऐकू आला. मग एक कोवळा बाईमाणसाचा आवाज अडखळत म्हणाला,

"देशमुखांच्या पाळण्यात निजलं माझं तान्हं,
मुंजाजीचं नाव घेती, एवढंच गाऱ्हाणं."