हवेची चावी

"आई, बघ ना गं, पंप धरतच नाहीये!"

द्रौपदी नुकतीच भांडी आवरून भिंतीला टेकली होती. घाटकोपरच्या त्या दीड खोलीत रविवारी तरी कोणी स्वस्थ बसू देईल तर शपथ! लेकीने, जान्हवीने, ट्रेकसाठी जुना पितळी स्टोव्ह ऑनलाइन मागवला होता, कुणाचातरी वापरलेला. सकाळपासून त्याच्याशी झटापट चालली होती. द्रौपदीने तिकडे बघायचंच टाळलं होतं.

संध्याकाळी चेंबूरला राजारामभाऊजींची पंचाहत्तरी होती. इस्त्रीची साडी खुंटीला तयार होती. तिची मोठी बहीण शांताताई ही भाऊजींची पहिली बायको. स्टोव्ह भडकून गेली, असं भाऊजी म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. द्रौपदीनेही डोलावली.

"आण इकडे," ती कंटाळून म्हणाली.

पंपाचा चामडी वायसर सुकून कडक झाला होता. तिने त्याला खोबरेल चोळलं, बोटांनी फुलवून परत बसवला. पिन घालून बर्नरचं बारीक भोक मोकळं केलं. मेल्या हातांना सगळं आठवत होतं!

"आता बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट पेटव. बर्नर चांगला तापू दे, मग पंप मार."

वाट बघतंय कोण! जान्हवीने स्पिरिट पेटवलं आणि लगेच धडाधड पंप मारला. कच्चं रॉकेल वर आलं आणि पिवळा जाळ भस्सकन उठला. ती किंचाळून मागे सरकली.

द्रौपदीने बसल्या जागेवरून हात लांबवला आणि टाकीवरची हवेची चावी सैल केली. फुस्स करून हवा गेली. जाळ बसला.

"बस, एवढंच?" जान्हवी पुन्हा जवळ सरकली. "मग मावशीला का नाही जमलं गं?"

द्रौपदीचं बोट चावीवरून निघेना. इतकी वर्षं हा प्रश्न तिने मनात शिरू दिला नव्हता.

"चावी सोडायला मला तिनेच शिकवलं," ती म्हणाली. "अंधारातसुद्धा हाताला सापडली पाहिजे, म्हणायची."

मग ती उठली. खुंटीवरची साडी काढली आणि इस्त्रीच्या घडीवर घडी घालून कपाटात ठेवून दिली.