थोपटणं

शेताच्या कडेचा युद्धाच्या वेळचा बंकर बघायचं खूळ नवऱ्याचं. "ये गं आत, खात नाही तो तुला!" म्हणत तो टॉर्च घेऊन पुढे शिरला.

छातीशी बांधलेलं माझं पिल्लू किरकिरलं. त्याला सतत थोपटावं लागतं. हात थांबला की भोकाड पसरतं. मी थोपटू लागले. काँक्रीटच्या भिंतीतूनही तसाच आवाज येऊ लागला.

"घुमतंय," नवरा म्हणाला.

मी हात उचलला. आवाज थांबला नाही. पिल्लूही रडलं नाही.

"अहो, चला बाहेर!" म्हणत मी उन्हात पळाले. थोपटणं सोबतच आलं, आता जरा जोरात.

मी घाईघाईने पिल्लाच्या पाठीवर हात ठेवला. तिथे आधीच एक गार, जड हात होता आणि तो माझा हात बाजूला सारत होता.